दोन याद्या आणि एक पट

वऱ्हाडाने मराठी वाङ्मयाला जे मोलाचे ग्रंथ दिले त्यांत बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांच्या 'स्त्रीपुरुष तुलना' या पुस्तकाचे स्थान फार वरचे आहे. सुरतेच्या विजयालक्ष्मी या विधवेवरील खटल्याच्या निमित्ताने वृत्तपत्रांतून समस्त स्त्रीजातीवर जी आगपाखड झाली, तिला उत्तर म्हणून ताराबाईंनी हे पुस्तक लिहिले. १८८२ साली ते पुण्यात छापले गेले. जोतीराव फुल्यांनी 'सत्सार'मधून लेखिकेची पाठराखण केली, परंतु पुढे जवळजवळ शतकभर पुस्तक विस्मरणात गेले. १९७५ साली स. गं. मालशे यांनी ते पुन्हा प्रकाशात आणले. ताराबाईंची पद्धत सरळ आहे. स्त्रियांच्या माथी मारलेला एकेक दुर्गुण त्या घेतात आणि तो पुरुषांत किती आहे हे ताडून पाहतात. दोघांना एकच माप लावा, एवढेच त्यांचे मागणे आहे.

हे मागणे खेळाला लावले तर काय होते? स्त्रीपुरुषांनी एकाच स्पर्धेत, एकाच नियमाने, एकमेकांविरुद्ध खेळावे काय? पूल आणि स्नूकर या खेळांच्या व्यावसायिक स्पर्धांसंबंधी हा प्रश्न वारंवार विचारला जातो. महाराष्ट्रात त्याचा खरा निवाडा झाला तो मात्र बुद्धिबळाच्या पटावर. आणि तोही मालशे यांच्या आवृत्तीनंतर एकाच वर्षाने, १९७६ साली, मुंबईच्या एका तेरा वर्षांच्या मुलीच्या निमित्ताने. त्या प्रसंगाची आणि त्याच्या मागच्यापुढच्या इतिहासाची मांडणी करावी, असा आमचा येथे हेतू आहे.

प्रथम एक गोष्ट ध्यानात घ्यावी. स्त्रीपुरुषांनी एकत्र खेळणे आपल्याकडे मुळीच अपूर्व नाही. वेरूळच्या लेण्यांत शिवपार्वती सारीपाट खेळताना कोरले आहेत, आणि त्या डावात देवाधिदेव हरतात अशी कथा आपल्याकडे आवडीने सांगितली जाते. वाड्यांतून सोंगट्यांचे डाव स्त्रीपुरुष मिळून मांडीत. घरातील कॅरमभोवती बहीणभाऊ, नणंदभावजया बसतात, तेव्हा कोणी दोन गट पाडीत नाही. खेळ माजघरातून उठून मंडळाच्या सभागृहात गेला, त्याला प्रवेशपत्रिका, पंच आणि बक्षिसाची रक्कम लाभली, की मात्र रेघ ओढली जाते. ही रेघ खेळाच्या स्वरूपातून निघालेली नसून सार्वजनिक जागेच्या मालकीतून निघालेली आहे, हे आमच्या प्रतिपादनाचे पहिले सूत्र होय.

स्नूकरचा जन्मच पाहा. १८७५ साली जबलपूरच्या लष्करी छावणीत नेव्हिल चेंबरलेन नावाच्या ब्रिटिश अधिकाऱ्याने बिलियर्ड्सच्या टेबलावर रंगीत चेंडू वाढवून हा खेळ बसविला, असे मानले जाते. अधिकाऱ्यांचे भोजनगृह, पावसाळ्याची संध्याकाळ आणि केवळ पुरुषांची बैठक, असे त्याचे जन्मस्थान. तेथून तो क्लबांत गेला, आणि क्लब पुरुषांचे असल्यामुळे टेबलही पुरुषांचे झाले. १९७८ साली इंग्लंडातील वेकफील्ड येथे शीला कॅपस्टिक या बाईंना त्यांच्या कामगार क्लबात स्नूकर खेळण्यास मनाई झाली, आणि त्यांनी क्यू हाती धरण्याच्या हक्कासाठी चळवळ उभारली. ही मनाई बाईंना खेळता येत नव्हते म्हणून झालेली नव्हती. त्या तेथे खेळत होत्या, म्हणूनच ती घालावी लागली.

व्यावसायिक स्नूकरची दारे आज नियमाने स्त्रियांना बंद नाहीत. रिअॅन इव्हान्स यांनी स्त्रियांचे जागतिक विजेतेपद बारा वेळा मिळविले. २०१५ साली जागतिक स्पर्धेच्या पात्रता फेरीत माजी जगज्जेते केन डोहर्टी यांच्याशी त्यांनी ८-१० अशी निकराची झुंज दिली. २०२१ साली त्यांना आणि हाँगकाँगच्या एन्ग ऑन यी यांना व्यावसायिक मालिकेत जागा मिळाल्या. त्या मालिकेत त्यांचे पराभव पुष्कळ झाले, हे खरे. परंतु ज्या खेळाडूला रोज तुल्यबळ वा सरस प्रतिस्पर्धी लाभत नाही, त्याचा खेळ कोठवर वाढणार, हा प्रश्न त्या पराभवांचा अर्थ लावताना विचारावाच लागतो.

येथे कोणी कुस्तीचे उदाहरण पुढे करील, आणि ते करावेच. अमरावती हे व्यायामाचे गाव. १९१४ साली स्थापन झालेल्या येथील श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने मल्लखांब, लेझीम आणि देशी खेळ जगापुढे नेले. १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी मंडळाच्या पथकाने तेथे प्रात्यक्षिके केली. अशा गावात राहून शरीरबळाला काही अर्थ नाही असे आम्ही म्हणू शकत नाही. कुस्ती, भारोत्तोलन, धावणे यांत स्नायूंचे वजन, हाडांची रुंदी, फुप्फुसांचा आवाका यांचा हिशेब निकालात उतरतो. पुरुषापुरुषांतही आपण वजनाचे गट पाडतो, ते याच न्यायाने. म्हणून अशा खेळांत स्त्रियांचा निराळा गट असणे हा अन्याय नव्हे.

परंतु या कुस्तीचाही इतिहास वाटतो तितका सरळ नाही. अलीगढच्या हमीदा बानू यांनी १९५४ साली बडोद्यात बाबा पहिलवान यांना १ मिनिट ३४ सेकंदांत चीत केल्याची बातमी तेव्हा गाजली होती. आपल्या कोल्हापुरात मात्र त्यांनी शोभासिंग पंजाबी या मल्लाला हरविले तेव्हा प्रेक्षकांनी हुर्यो केली, दगडफेक झाली आणि पोलिसांना बोलवावे लागले. त्यांच्या कुस्त्यांवरील बंदीची तक्रार मुंबई राज्याचे मुख्यमंत्री मोरारजी देसाई यांच्यापर्यंत गेली. बाई म्हणून बंदी नसून आयोजक बनावट प्रतिस्पर्धी उभे करतात अशा तक्रारी आल्याने ती घातली, असे उत्तर मिळाले. त्या कुस्त्यांत खरे किती आणि तमाशा किती, हा वाद बाजूला ठेवला तरी कोल्हापूरचे दगड उरतातच. कुस्ती बनावट असेल तर लोक पैसे परत मागतात. दगड हाती येतो तो निकाल मनाला झोंबला म्हणून.

आता बुद्धिबळाकडे येऊ. येथे बळाचा प्रश्नच उरत नाही. सोंगटीचे वजन लहान मुलालाही पेलते. तरीही हा पट दीर्घकाळ पुरुषांचाच राहिला. आपल्या पटावर तर स्त्रीचे मोहरेही नाही. युरोपने ज्याला राणी केले त्याला आपण वजीर म्हणतो. स्त्रियांची राष्ट्रीय स्पर्धा भारतात १९७४ साली प्रथम बंगलोर येथे झाली, आणि ती वासंती खाडिलकर यांनी जिंकली. पुढच्या वर्षी जयश्री खाडिलकर आणि १९७६ साली रोहिणी खाडिलकर विजेत्या झाल्या. पहिल्या दशकभर या स्पर्धेवर ह्या तीन बहिणींचेच वर्चस्व होते. 'नवाकाळ'चे संपादक नीलकंठ खाडिलकर यांच्या या कन्या. म्हणजे नाट्याचार्य कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांच्या पणत्या.

मराठीच्या विद्यार्थ्याला येथे थोडे थांबावेसे वाटते. नाट्याचार्यांच्या 'मानापमान'मधील भामिनी आणि 'स्वयंवर'मधील रुक्मिणी बालगंधर्वांनी अजरामर केल्या. १९११ आणि १९१६ सालच्या त्या रंगभूमीवर बाईची भूमिका पुरुषाने करावी हीच शिष्टसंमत रीत होती. बाईच्या अंगी अभिनय नाही असे त्यात गृहीत नव्हते; कुलीन बाईने तिकीट काढून आलेल्या परपुरुषांपुढे उभे राहू नये, एवढेच होते. १९२९ च्या सुमारास हिराबाई बडोदेकर आणि त्यांची भावंडे मिश्र रंगभूमीवर उभी राहिली, आणि काही वर्षांतच त्याचे कोणाला नवल राहिले नाही. ज्या घराण्याच्या नायिका पुरुषांनी साकारल्या, त्याच घराण्यातील मुलीला पुढे पुरुषांच्या स्पर्धेत बसण्यासाठी भांडावे लागले. दोन्हीकडे अडसर सार्वजनिक जागेचाच होता.

१९७६ साली रोहिणी खाडिलकर पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत खेळल्या. असे करणारी ती पहिलीच भारतीय मुलगी. तिच्या सहभागाने गदारोळ उठला, प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले आणि तिच्या बाजूने कौल मिळाला. जागतिक बुद्धिबळ महासंघाचे, म्हणजे फिडेचे, तत्कालीन अध्यक्ष मॅक्स यूव यांनी असा निर्णय दिला की राष्ट्रीय वा आंतरराष्ट्रीय स्पर्धांतून स्त्रियांना केवळ स्त्री म्हणून वगळता येणार नाही. त्या स्पर्धेत रोहिणीने तीन राज्यविजेत्यांना हरविले. पुढे १९८१ आणि १९८३ साली ती आशियाई स्त्रीविजेती झाली.

निर्णय देणारे यूव हे १९३५ ते १९३७ या काळातील जगज्जेते होते, हे बहुतेकांना ठाऊक असते. त्यांच्या आयुष्यातील दुसरी एक गोष्ट तितकीशी ठाऊक नसते. १९२७ साली लंडनमध्ये स्त्रियांची पहिली जागतिक स्पर्धा झाली, आणि व्हेरा मेन्चिक ती जिंकल्या. १९२९ साली कार्ल्सबाड येथील बड्या स्पर्धेत त्यांना पुरुषांबरोबर प्रवेश मिळाला, तेव्हा व्हिएन्नाचे आल्बर्ट बेकर यांनी थट्टेने सुचविले की मेन्चिककडून जो हरेल त्याला 'व्हेरा मेन्चिक क्लब'चे सभासद करावे. पहिले सभासद स्वतः बेकरच झाले. पुढे हेस्टिंग्जच्या स्पर्धांत यूव तिच्याकडून दोनदा हरले, म्हणजे तेही त्या क्लबाचे सभासद. मुंबईच्या मुलीला पटावर बसू द्यावे की नाही, हे ठरविण्याचे काम चाळीसेक वर्षांनी अशा माणसाकडे आले, ज्याने हा प्रश्न समोरासमोर अनुभवला होता. त्या पराभवांमुळेच त्यांनी तसा निर्णय दिला असे आम्ही म्हणत नाही. परंतु स्त्रीने मांडलेला डाव खरा असतो, हे पटवून देण्यासाठी त्यांच्यापुढे पुराव्याची गरज नव्हती, एवढे निश्चित.

याच १९७६ साली फिडेने 'वुमन ग्रँडमास्टर' हा स्त्रियांसाठी निराळा किताब सुरू केला. ग्रँडमास्टर होण्यास २५०० गुणांकन लागते, वुमन ग्रँडमास्टरला २३००. म्हणजे एकाच वर्षी एक दार उघडले आणि शेजारीच एक ठेंगणे दार बांधले गेले. हे ठेंगणे दार चांगले की वाईट, यावर बुद्धिबळाच्या जगात अजून एकमत नाही.

बाजू दोन्ही आहेत, आणि दोन्ही वजनदार आहेत. निराळ्या स्पर्धांमुळे मुलींना बक्षिसे, किताब, प्रवासखर्च, नोकरीतील क्रीडाकोटा आणि मुख्य म्हणजे सोबत मिळते. शंभर मुलांच्या सभागृहात एकटी मुलगी बसते तेव्हा ती डावाखेरीज आणखी पुष्कळ काही सांभाळीत असते. भाग्यश्री ठिपसे, अनुपमा गोखले, स्वाती घाटे, सौम्या स्वामिनाथन ही महाराष्ट्राची परंपरा स्त्रियांच्या स्पर्धांतूनच वाढली, हे नाकारून चालणार नाही. दुसरी बाजू अशी की ठेंगण्या दारातून जाण्याची सवय झाली की मान खाली घालण्याचीही सवय होते. हंगेरीच्या ज्युडिट पोल्गार यांनी म्हणूनच स्त्रियांची जागतिक स्पर्धा कधी खेळली नाही. १९९१ साली वयाच्या पंधराव्या वर्षी त्या ग्रँडमास्टर झाल्या, २००२ साली जलद डावात कास्पारॉव्ह यांना त्यांनी हरविले, आणि जागतिक क्रमवारीत आठव्या स्थानापर्यंत त्या गेल्या.

निराळ्या गटाचा तिसरा एक उपयोगही इतिहासात नोंदला आहे, आणि तो सर्वांत बोलका आहे. नेमबाजीतील स्कीट हा प्रकार ऑलिंपिकमध्ये स्त्रीपुरुषांसाठी एकत्र होता. १९९२ साली बार्सिलोनात चीनच्या झांग शान यांनी पुरुषांना मागे टाकून त्यात सुवर्णपदक जिंकले. १९९६ साली अटलांटा येथे हा प्रकार केवळ पुरुषांसाठी ठेवला गेला. स्त्रियांसाठी स्वतंत्र स्कीट आले ते २००० साली. मधल्या काळात विजेतीला आपले पदक राखण्याची संधीच नव्हती. दुबळ्यांच्या रक्षणासाठी जी भिंत बांधली असे सांगितले जाते, ती कधीकधी कोणाच्या रक्षणासाठी असते, हे यावरून कळावे.

आता आपल्या विदर्भाची गोष्ट. नागपूरच्या दिव्या देशमुख यांनी जुलै २०२५ मध्ये जॉर्जियातील बातुमी येथे कोनेरू हंपी यांना हरवून स्त्रियांचा विश्वचषक जिंकला आणि त्या भारताच्या ८८ व्या ग्रँडमास्टर झाल्या. हा किताब पूर्ण उंचीचा. मात्र त्यांच्या या यशाचा मार्ग स्त्रियांच्या स्पर्धेतून गेला, हे निराळ्या स्पर्धांच्या विरोधकांनी विसरू नये. त्यांनी पुढे जे केले, ते त्या स्पर्धांच्या समर्थकांनी विसरू नये. सप्टेंबर २०२५ मध्ये समरकंद येथे स्त्रियांची ग्रँड स्विस स्पर्धा उपलब्ध असताना त्या खुल्या गटात खेळल्या, आणि जगज्जेत्या गुकेशशी त्यांचा डाव बरोबरीत सुटला. त्यानंतर गोव्यात झालेल्या विश्वचषकात २०६ खेळाडूंमध्ये त्या एकमेव स्त्री होत्या. तेथे पहिल्याच फेरीत त्या ग्रीसच्या खेळाडूकडून ०-२ अशा हरल्या. हा पराभव आम्हांला विजयाइतकाच महत्त्वाचा वाटतो. पहिल्या फेरीत निम्मे खेळाडू घरी जातातच. त्यांच्यापैकी एक असण्याचा, म्हणजे हरूनही कोणत्याही सिद्धांताचा पुरावा न ठरण्याचा हक्क पुरुषांना नेहमीच होता. तो आता स्त्रियांनाही मिळायला हवा.

याच दिव्या देशमुख यांनी २०२४ च्या आरंभी नेदरलँड्समधील स्पर्धेनंतर जाहीर तक्रार केली होती की प्रेक्षक खेळाऐवजी आपल्या कपड्यांबद्दल, केसांबद्दल आणि उच्चारांबद्दल बोलतात. यूव यांच्या निर्णयाने नियम बदलला. प्रेक्षक त्या निर्णयाने बांधलेले नव्हते.

एवढ्या इतिहासावरून आमचे मत असे बनले आहे. ज्या खेळात शरीरबळ निकाल ठरविते, तेथे निराळा गट न्याय्य आहे. बुद्धिबळ, कॅरम, स्नूकर, पूल या खेळांत ते निकाल ठरवीत नाही. पूलमधील पहिल्या फोडीला मनगटाचा जोर उपयोगी पडतो, पण सामना जिंकला जातो तो नजरेने आणि सरावाने. अशा खेळांत मुख्य स्पर्धा नावाने व नियमाने खुली असावी, आणि तिच्यात स्त्रीला प्रवेश कृपेने नव्हे, हक्काने असावा. स्त्रियांची स्पर्धा तिच्या जोडीला असावी. पण ती मुक्कामाची जागा न ठरता वाटेवरची धर्मशाळा ठरावी. तिचे यश किती मुलींना पदके मिळाली यावर न मोजता किती मुली तेथून खुल्या गटात गेल्या यावर मोजावे.

हे सारे अमरावती-अकोल्याला लागू पडते का? आमच्या महाविद्यालयीन जगात आंतरमहाविद्यालयीन बुद्धिबळाचे संघ मुले आणि मुली असे निराळेच निवडले जातात. दरवर्षी सूचनाफलकावर दोन याद्या लागतात. मुलांच्या यादीसाठी निवड चाचणी घ्यावी लागते. मुलींची यादी पुरी करण्यासाठी पुष्कळदा वर्गावर्गांत जाऊन नावे मागावी लागतात, आणि घोड्याची चाल नुकतीच शिकलेली मुलगीही संघात येते. तिने यावे, शिकण्याची सुरुवात कोठून तरी होतेच. पण त्याच महाविद्यालयात मुलांच्या संघातील तिघांना सहज हरवील अशी एखादी मुलगी निघाली, तर तिला त्या यादीत जागा नाही. कोणी मनाई केली असे म्हणावे तर कोणीच केलेली नाही. रकानाच नाही.

अमरावतीने २०१५ साली स्वप्निल धोपाडे यांच्या रूपाने ग्रँडमास्टर दिला. गुणवत्तेची उणीव या मातीत नाही. परंतु संध्याकाळी सातनंतर पट मांडून बसण्याची मुभा कोणाला आहे, पूलच्या टेबलाभोवती कोणाला उभे राहता येते, चौकातल्या कॅरमवर कोणाची पाळी कधीच येत नाही, याचा हिशेब आपण केलेला नाही. पटावरील सरावाचे तास सारखे नसताना निकाल सारखे का नाहीत, असे विचारणे म्हणजे ताराबाईंनी ज्या दुटप्पी मापाविरुद्ध लेखणी उचलली तेच माप पुन्हा हाती घेणे होय.

म्हणून आमची सूचना लहान आहे. पुढील वर्षी महाविद्यालयांनी निवड चाचणी एकच घ्यावी, मुलामुलींची मिळून. त्यातून विद्यापीठाच्या नियमाप्रमाणे दोन संघ खुशाल निवडावेत, कारण तो नियम बदलणे आमच्या हाती नाही. परंतु चाचणीचा निकाल एकाच कागदावर, गुणानुक्रमे, सूचनाफलकावर लावावा. मुलींना आपण कोठे उभ्या आहोत हे त्यामुळे कळेल, मुलांनाही कळेल. आणि एखाद्या वर्षी त्या कागदावरचे पहिले नाव मुलीचे असेल, तेव्हा नियम बदलण्याची मागणी करायला आपल्या हाती नुसत्या युक्तिवादापेक्षा अधिक काही असेल.